लहानपणीचा झाडांचा बोर्ड गेम शोधतेय, नाव माहीत नाही, ताईला ख्रिसमसला द्यायचाय

कुंदकळी, २ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मला एक बोर्ड गेम शोधायचाय आणि त्याचं नावच माहीत नाहीये. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या घरी होता, बाबांच्या ओळखीतल्या कुणीतरी परदेशातून येताना आणलेला, आणि नियमांचा कागद ज्या भाषेत होता ती घरात कुणालाच वाचता येत नव्हती. मला आठवतं तेव्हापासून झाकण फाटलेलंच, सगळं सामान एका पत्र्याच्या डब्यात असायचं, त्यामुळे नाव कधी डोक्यात बसलंच नाही. आम्ही त्याला नुसतं 'झाडांचा गेम' म्हणायचो.

आठवतंय तेवढं सांगते. पटावर जंगल, त्यातून वाकडीतिकडी वाट, वाटेवर गोल गोल घरं, एका बाजूला गाव आणि वर लांब एक किल्ला, परीकथेत असतो तसला टोकदार मनोऱ्यांचा. वाटेच्या कडेने उभी करायची हिरवी प्लॅस्टिकची झाडं, सुरूच्या झाडासारखी वर निमुळती होत गेलेली. आणि गंमत अशी की प्रत्येक झाडाच्या बुडाला एक गोल चित्र, प्रत्येकाखाली वेगळं. पाळी आली की झाड उचलायचं, हाताचा आडोसा करून फक्त आपल्याला दिसेल असं वाकडं करून बघायचं आणि होतं तिथे ठेवून द्यायचं. तीच चित्रं पत्त्यांसारख्या कार्डांवर पण होती. दोन फासे होते. सोंगट्या सहा रंगांच्या.

झाड उचलून बघताना ताईच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. माझं मात्र लगेच तोंडावर यायचं आणि मग ती हळूच म्हणायची, पुढच्या वेळी खाली बघ, माझ्याकडे नको बघूस.

आता तिची मुलगी सात वर्षांची झालीये. ख्रिसमसला आम्ही सगळे ताईकडे जमणार आहोत आणि मला तो गेम तिला द्यायचाय, अगदी तोच. शोधून शोधून थकले, 'झाडांचा बोर्ड गेम' टाकलं की जंगल वाचवा टाइपचे नवीन गेम येतात नाहीतर लाकडी खेळणी. जाणकारांनी मदत करावी ही विनंती. अजून काही माहिती हवी असेल तर विचारा, आठवेल तेवढं सांगते.


रानवारा, २ नोव्हेंबर

किल्ला, जंगल, कार्डांवर वस्तू, हे सगळं ऐकून मला 'लॅबिरिंथ' वाटतोय. १९८६ चा आहे, राव्हेन्सबर्गर या जर्मन कंपनीचा. त्यात चौकोनी तुकड्यांचा चक्रव्यूह असतो, एक तुकडा बाजूने आत ढकलला की अख्खी रांग सरकते आणि वाटा बदलतात, आणि कार्डावर जी वस्तू असेल तिथपर्यंत आपली सोंगटी न्यायची. तुमचा काळ पण जुळतो. झाडं मात्र मला आठवत नाहीत त्यात.

एक सुचवतो, चित्रं आठवण्यापेक्षा खेळताना हात काय करायचे ते आठवा. काय उचलायचात, काय लपवायचात, जिंकलं हे कशावरून ठरायचं. चित्रं वर्षागणिक बदलतात, खेळायची रीत सहसा बदलत नाही, त्यामुळे गेम ओळखायला तीच जास्त उपयोगी पडते. आणि डब्यावर कुठे काही खूण होती का? लहान मुलांना नाव आठवत नाही पण खूण आठवते.


कुंदकळी, २ नोव्हेंबर

रानवारा, धन्यवाद, पण हा नाही. सरकणारे तुकडे नव्हते, पट एकसंध होता, मध्ये घडी पडणारा. झाडं नक्की होती, ती तर मी स्वप्नात पण ओळखेन.

पण खुणेचं तुम्ही विचारलंत आणि मला एकदम आठवलं. झाकणाचा एक कोपरा फाटून निघाला होता तो ताई पुस्तकात खूण म्हणून घालायची, पानाच्या कोपऱ्यावर टोपीसारखा बसायचा म्हणून. त्याच्यावर निळा त्रिकोण होता. आत पांढरी अक्षरं होती बहुतेक. कित्येक वर्षं तिच्या पुस्तकांतून तो निळा कोपरा बाहेर डोकावायचा. याचा काही उपयोग होतो का?

जिंकायचं कसं ते सांगते, किल्ल्यापाशी एक कार्ड उघडं असायचं, त्यावरचं चित्र कुठल्या झाडाखाली आहे ते ज्याला माहीत असेल त्याने किल्ल्यावर पोचून सांगायचं. म्हणजे आम्ही तरी तसं खेळायचो, नियम पटाकडे बघून बघून आमचे आम्हीच ठरवलेले.


सोंगटी, ३ नोव्हेंबर

कुंदकळी, मिळाला तुमचा गेम. 'सागालांड'. इंग्रजीत त्याच गेमचं नाव 'द एन्चांटेड फॉरेस्ट'. डब्याच्या कोपऱ्यातला निळा त्रिकोण म्हणजे राव्हेन्सबर्गरची खूण, त्यांच्या प्रत्येक डब्यावर असते, रानवारा यांची कंपनी बरोबर होती, गेम तेवढा दुसरा निघाला.

१९८१ साली आला. अलेक्स रँडॉल्फ आणि मिशेल माट्शोस या दोघांनी तयार केलेला. १९८२ मध्ये याला 'श्पील देस यारेस' मिळालं, म्हणजे जर्मनीत दर वर्षी एका गेमला 'वर्षाचा खेळ' म्हणून निवडतात तो मान. पुढच्याच वर्षी तो 'स्कॉटलंड यार्ड'ला मिळाला, तो इथे बऱ्याच जणांनी खेळला असेल. रँडॉल्फ म्हणजे ज्यांनी 'ट्विक्स्ट' पण केला ते, मला या माणसाचे गेम फार आवडतात कारण नियम दोन मिनिटांत समजतात आणि खेळताना मात्र डोकं पूर्ण लागतं.

तेरा झाडं, तेरा कार्डं, दोन फासे, सहा सोंगट्या. चित्रं म्हणजे परीकथांमधल्या वस्तू, राजाला त्या हव्यात आणि त्या जंगलात झाडांखाली दडल्यात अशी गोष्ट आहे.

तुम्ही लोकांनी नियम जवळजवळ बरोबर शोधले होते हे वाचून खूप छान वाटलं. खरे नियम असे की दोन फासे टाकायचे पण बेरीज करायची नाही, प्रत्येक फाशाची चाल वेगळी, एक पुढे आणि दुसरी मागे अशी पण चालते. झाडाजवळच्या घरावर नेमकं पोचलं तरच झाड उचलायचं. दुसऱ्याच्या सोंगटीवर नेमकं जाऊन पडलात तर ती सोंगटी परत गावात. दोन्ही फाशांवर सारखं दान पडलं तर जादू, म्हणजे एकदम एखाद्या झाडापाशी किंवा किल्ल्यापाशी जाता येतं, नाहीतर किल्ल्यावरचं कार्ड बदलता येतं. किल्ल्यावर जाऊन चुकीचं झाड सांगितलं तर पुन्हा गावापासून सुरुवात. तीन कार्डं ज्याची आधी होतील तो जिंकला.

सहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे, भाचीला अगदी योग्य. आणि लक्षात ठेवायच्या खेळात मुलं मोठ्यांना सहज हरवतात, तयारीत राहा.


कुंदकळी, ३ नोव्हेंबर

सोंगटी, मला काय बोलावं सुचत नाहीये. तुम्ही नाव दिलंत, मी फोटो शोधले, आणि तोच पट समोर आला. तीच वाट. ऑफिसमध्ये बसून डोळे भरून आले, शेजारची विचारायला लागली काय झालं. चौतीस-पस्तीस वर्षांनी पाहतेय मी तो पट आणि किल्ल्याकडे जाणारं वळण मला पाठ आहे, बोटाने गिरवता येईल.

दोन फासे वेगवेगळे चालायचे!! आम्ही कायम बेरीज करून चालायचो, म्हणून झाडापाशी नेमकं पोचायला इतका वेळ लागायचा.

आता एक गोष्ट सांगायची राहिलीये ती इथेच सांगते. आमच्या गेममध्ये शेवटी बाराच झाडं होती. तेरावं मी हरवलं. पाच-सहा वर्षांची असेन, मला वाटलं झाड आहे तर लावलं की वाढेल, म्हणून मी ते गॅलरीतल्या कुंडीत नीट खड्डा करून लावलं आणि पाणी घातलं. नंतर कधीतरी त्या कुंडीतली माती बदलली गेली आणि झाड गेलं. सगळ्या घराने शोधलं, कॉटखाली, कपाटामागे, आणि मी घाबरून एक अक्षर बोलले नाही. ताईने मग बाटलीचं एक झाकण घेतलं, त्या झाडाखालचं चित्र कागदावर काढून आत चिकटवलं आणि म्हणाली हे आपलं झाड. पण झाकण सगळ्यांना ओळखू यायचं ना, त्याच्याखाली काय आहे ते न बघताच माहीत. ते कार्ड आलं की जो किल्ल्याच्या जवळ असेल त्याचंच. हळूहळू खेळणं कमी झालं, मग ती शिकायला बाहेर गेली आणि डबा कुठे गेला कोण जाणे. मी अजूनपर्यंत तिला सांगितलेलं नाही.

म्हणून मला तोच गेम हवाय, तेरा झाडांचा.


निळी शाई, ४ नोव्हेंबर

छान धागा. पण मला एक कळलं नाही, हा गेम अजून छापला जातो ना? नव्या चित्रांचा मिळतो मी पाहिला. मग नवा कोरा घ्या की, सगळी झाडं असतील, कार्डं स्वच्छ असतील, सात वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायचाय. जुन्याच्या मागे लागलं की पैसे जास्त, वेळ जास्त, आणि शेवटी घरी काय येईल याची खात्री नाही. नियम तेच, खेळ तोच. ख्रिसमसला पन्नास दिवस राहिलेत.


कवडीदान, ४ नोव्हेंबर

निळी शाई, तुमचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे पण मी हेच केलं होतं आणि काय झालं ते सांगते.

आमचे आबा आयुष्यभर 'क्लूडो'चे, म्हणजे संशयितांमधून खुनी शोधायच्या बोर्ड गेमचे, भक्त. त्यांचा जुना डबा घर बदलताना गेला. मी त्यांच्या वाढदिवसाला नवा आणला, मस्त चकचकीत, आणि आम्ही सगळे खेळायला बसलो. आबांनी संशयितांची कार्डं हातात घेतली, एकेक करून खाली ठेवली, परत उचलली, परत मोजली. मग म्हणाले, व्हाइटबाई कुठायत? २०१६ च्या आवृत्तीत मिसेस व्हाइटना काढून त्यांच्या जागी डॉ. ऑर्किड आणली आहे, मला माहीतच नव्हतं. आबा लहानपणापासून कायम पांढरी सोंगटी घ्यायचे, कारण त्यांच्या आईला ती आवडायची. त्यांनी काही तक्रार केली नाही, खेळले, जिंकले पण. पण खेळ संपल्यावर त्यांनी पुन्हा तो डबा काढायला सांगितला नाही. पुढच्या वर्षी मी जुन्या आवृत्तीचा शोधला, त्याच्या कार्डांच्या कडा मळलेल्या, नोंदी करायच्या पॅडवर कुणाच्या तरी घरच्या जुन्या डावांच्या फुल्या, आणि तो त्यांच्या उशाशी असतो.

कुंदकळीच्या ताईला नियम आठवत नसतील इतका तो पट आठवत असेल. नवीन चित्रांचा डबा उघडला की ती म्हणेल, अगं हा आपल्या त्या गेमसारखाच आहे. तो 'सारखा' शब्द यायला नको असेल तर जुनाच घ्या. भाचीसाठी नवा पण घ्या हवं तर.


निळी शाई, ४ नोव्हेंबर

कवडीदान, पटलं. मी हा विचारच केला नव्हता. आबांना नमस्कार सांगा.


सोंगटी, ४ नोव्हेंबर

मग आता जुना घेताना काय बघायचं ते सविस्तर लिहितो, मी असे बरेच डबे घेतलेत आणि फसलो पण आहे. एकदा एका विक्रेत्याने 'पूर्ण' म्हणून पाठवलेल्या डब्यात चार कार्डं कमी होती आणि त्याने झाडं मोजून पूर्ण म्हटलं होतं.

आधी कुठली आवृत्ती ते नक्की करा. बोर्डगेमगीक म्हणून साइट आहे, २००० सालापासून चालूये, तिथे प्रत्येक गेमचं पान असतं आणि त्यात वेगवेगळ्या आवृत्त्यांचे फोटो लोकांनी टाकलेले असतात. तुमच्या आठवणीतला पट त्यात शोधा, झाकण तुम्हाला आठवत नाही पण पट आठवतोय हे उलट बरंय, कारण खेळायचं पटावर आहे. तो फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि विक्रेत्याच्या फोटोशी ताडून बघा.

शोधताना दोन्ही नावांनी शोधा. जर्मन नावाने खूप जास्त डबे निघतात, कारण तिकडे हा घराघरात होता आणि लोक माळे आवरताना विकायला काढतात. विक्रेते जर्मनमध्ये काय लिहितात तेवढं शिकून घ्या. 'फोलश्टेंडिश' म्हणजे पूर्ण. त्याच्या आधी 'उन' लागलं की अपूर्ण, आणि तो 'उन' घाईत वाचताना निसटतो. 'ओव्हीपी' म्हणजे मूळ डब्यासकट. ईबेवर शोध सेव्ह करून ठेवला की नवीन काही आलं की मेल येतो, रोज बघत बसायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या गेमचा जीव झाडांखाली आहे. विक्रेत्याला सांगा की सगळी झाडं उलटी करून एका रांगेत ठेव, प्रत्येकाच्या शेजारी त्याचं कार्ड ठेव आणि एक फोटो काढ. एकाच फोटोत कळतं, झाडं किती, कार्डं किती, कुठलं चित्र निघालंय, कुठलं पुसट झालंय. जो विक्रेता हा फोटो काढायला कंटाळा करतो त्याच्याकडून मी घेत नाही.

आणि वरून पण नीट फोटो मागा. कुंदकळी, तुमच्या झाकणाची गोष्ट वाचताना हेच डोक्यात आलं, या गेममध्ये सगळी झाडं वरून अगदी सारखी दिसायला हवीत. एखाद्याचा शेंडा चावलेला असेल, एखादं उन्हात राहून फिकट झालं असेल, तरी ते झाड 'ओळखीचं' होतं आणि मुलं ते पहिल्या डावातच हेरतात. म्हणून एखादं झाड कमी असेल तर दुसऱ्या डब्यातलं घालताना तो डबा पण त्याच आवृत्तीचा हवा, नाहीतर हिरवा रंग किंवा आकार वेगळा निघायचा.

नाहीच मिळालं तेरावं तर एक साधी युक्ती आहे. हरवलेल्या झाडाचं कार्डच गड्डीतून काढून ठेवायचं. बारा झाडं, बारा कार्डं, खेळात तसूभर फरक पडत नाही. तुमच्या घरी तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर झाकण लागलंच नसतं, पण ताईने चित्र काढून चिकटवलं ते वाचून मला तुमची ताई फार आवडली.

वेळेचं बघा. बाहेरून मागवणार असाल तर या आठवड्यात ठरवा, डिसेंबरात सगळीकडेच पार्सलांची गर्दी असते आणि कस्टम्समध्ये किती दिवस जातील ते कुणाच्या हातात नाही.


जुनं बाइंडिंग, ५ नोव्हेंबर

वाचनखूण साठवली. माझा हात पुस्तकं आणि जुने पुठ्ठे दुरुस्त करण्यात असतो म्हणून डबा घरी आल्यावर काय करायचं ते लिहितो.

कुबट वास आला तर उन्हात अजिबात ठेवू नका, वास जातो पण छपाईचा रंग उडतो आणि पट वाकतो. डबा उघडा करून एका मोठ्या बंद खोक्यात ठेवा, शेजारी वाटीत खायचा सोडा, आठवडाभर तसंच राहू द्या. वाटी डब्याच्या बाहेर ठेवायची, सोडा पुठ्ठ्यावर सांडता कामा नये.

फाटलेल्या कोपऱ्यांना सेलोटेप लावू नका, कळकळून सांगतो. काही वर्षांत टेप पिवळी पडते, सुटते आणि गोंद मात्र कागदात तसाच राहतो, तो मग निघत नाही. पातळ पांढरा गम ब्रशने आतून लावा, कोपरा जुळवून चिमट्याने धरून ठेवा, चिमट्याखाली कागद घाला म्हणजे वळ उठत नाही. पट घडीवर सुटला असेल तर मागच्या बाजूने बाइंडिंगची कापडी पट्टी लावा, पुढून काही करायला जाऊ नका. पट्टी लावताना पट पूर्ण उघडा आणि सपाट ठेवा.

कार्डं ओल्या फडक्याने पुसायची नाहीत. पेन्सिलचं साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मळ निघतो. झाडं प्लॅस्टिकची आहेत पण बुडाला चित्र आहे म्हणून पाण्यात बुडवू नका, मऊ कोरडा ब्रश पुरे.

आणि मळ सगळा काढू नका. कुणीतरी खेळलंय हे दिसू द्या थोडं.


कुंदकळी, २८ नोव्हेंबर

सगळ्यांना सांगायला आले. मध्ये खूप दिवस काही लिहिलं नाही कारण रोज उठून मेल बघायचं आणि काही नसायचं, धीर सुटत चालला होता.

पहिला डबा मिळाला १२ नोव्हेंबरला. फोटोवरून पट अगदी आमचाच. मी सोंगटींनी सांगितलं तसा उलट्या झाडांचा फोटो मागितला, विक्रेत्या बाई इतक्या चांगल्या, त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाठवला, पांढऱ्या टेबलक्लॉथवर एका रांगेत सगळी झाडं आडवी आणि शेजारी कार्डं. मी मोजली. बारा. परत मोजली, बाराच, आणि एक कार्ड एकटंच पडलेलं शेवटी, त्याच्या शेजारी झाड नाही. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या मुलांनी पण हे कधीतरी हरवलं, सॉरी. मी त्या एकट्या कार्डाकडे बघत किती वेळ बसले मलाच माहीत नाही.

तरी घेतला. मग तेराव्यासाठी शोध सुरू केला आणि हे जास्त अवघड निघालं, कारण नुसतं झाड कोण विकणार. शेवटी एक 'उन' वाला सापडला, अपूर्ण, पट नाही, फासे नाहीत, नऊ झाडं आणि थोड्या सोंगट्या एका पिशवीत, त्यामुळे अगदी स्वस्तात. त्याच्याकडे पण उलटा फोटो मागितला, आणि नऊमध्ये सातव्या नंबरला मला हवं ते चित्र होतं!! मी घरात ओरडलेच, सगळे धावत आले.

दोन्ही पार्सलं कालपर्यंत पोचली. दोन्हीकडची झाडं शेजारी ठेवून खिडकीपाशी नेऊन बघितली, हिरवा रंग तोच, शेंडा तसाच. मी डोळे मिटून तेरा झाडं टेबलावर फिरवली आणि मग उघडून बाहेरचं कुठलं ते ओळखायचा प्रयत्न केला. नाही ओळखू आलं.

वास आहे थोडा, सोड्याची वाटी ठेवलीये. एका कोपऱ्याला आधीच कुणीतरी टेप लावलीये, पिवळी झालेली, तिला हात लावू का?


जुनं बाइंडिंग, २८ नोव्हेंबर

अभिनंदन! टेपला सध्या हात लावू नका. जुनी टेप ओढली की खालचा छापील थर सोबत येतो. आपोआप सुटत असेल तेवढीच काढा, बाकी राहू द्या. ख्रिसमस झाला की फोटो टाका, मग सावकाश बघू.


सोंगटी, २९ नोव्हेंबर

सकाळी सकाळी वाचलं आणि दिवस चांगला गेला. दुसऱ्या पिशवीतली उरलेली आठ झाडं टाकू नका, जपून ठेवा. भाची सात वर्षांची आहे आणि घरात कुंड्या असतीलच.


रानवारा, २९ नोव्हेंबर

+१. आणि नियमांचं काय केलंत? पुन्हा बेरीज करून खेळायला नको.


कुंदकळी, २९ नोव्हेंबर

नियमांचा कागद डब्यात आहे, जर्मनच. मी सोंगटींचा प्रतिसाद वहीच्या कागदावर मराठीत हाताने उतरवून काढलाय, मोठ्या अक्षरात, भाचीला वाचता येईल असा, आणि मूळ कागदाच्या घडीत घालून ठेवलाय. सोंगटी, तुमची परवानगी गृहीत धरली.


कवडीदान, ३० नोव्हेंबर

ताईला कुंडीचं सांगणार ना?


कुंदकळी, २३ डिसेंबर

कवडीदान, तुमच्या प्रश्नाला इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण ठरत नव्हतं.

आज पॅकिंग केलं. डबा एका कागदात बांधलाय, आत बारा झाडं. तेरावं एका छोट्या रिकाम्या कुंडीत ठेवलंय, माती नाही घातली, चित्र खराब होईल म्हणून तळाशी मऊ कागद घातलाय आणि त्यावर झाड उभं केलंय. ती कुंडी वेगळी बांधलीये आणि त्यावर ताईचं नाव घातलंय. डबा भाचीने उघडायचा, कुंडी ताईने. झाडं मोजली की भाची विचारणारच तेरावं कुठाय, तेव्हा मी सांगेन.

परवा रात्री खेळायला बसू. सगळ्यांचे मनापासून आभार, पहिल्या डावाचा फोटो टाकते.